पूल वाचला

आमच्या घरात दोघींनी उलट्या अक्षरांवर पोट भरलं. सासूबाई तीस वर्षं एका दैनिकाच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होत्या आणि मी घराच्या पुढच्या खोलीत रबरी शिक्के बनवते. खिळा काय किंवा शिक्का काय, त्याच्यावर अक्षर उलटं असलं तरच ते कागदावर सरळ उमटतं. त्यामुळे आम्हा दोघींना उलटं आणि सुलटं सारख्याच वेगाने वाचता येतं. माझा नवरा म्हणतो, तुम्ही दोघी बोलताही उलटंच. त्याला काय जातंय म्हणायला!

दैनिक बंद पडून जमाना झाला. त्या इमारतीत आता वाचनालय होणार होतं आणि तिथल्या नव्या ग्रंथपालबाई भलत्याच उत्साही निघाल्या. त्यांनी जुन्या कामगारांना एकेक करून शोधलं, फोनवर ग्रुप काढला आणि घरात असतील ते फोटो टाका म्हणून सांगितलं. मग काय, माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. मशीनवाल्या काकांनी, म्हणजे छपाईचं यंत्र चालवणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांनी, स्वतःच्या लग्नातला फोटो टाकला. त्यात नवरदेवाची नखं काळीकुट्ट. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'सासरे म्हणाले, हात धुऊन या. मी म्हटलं, मुलगी द्यायची तर शाईसकट द्या.'

सासूबाईंनीही सहलीचा एक फोटो शोधून काढला. सगळा छापखाना तळ्याकाठी ओळीत उभा आणि कडेला एक माणूस टॉवेल गुंडाळून कुडकुडतोय. तो प्रूफं वाचायचा. "पाण्यात पडला आणि ओरडायला लागला, वाचवा, वाचवा!" सासूबाई हसत सांगत होत्या. "आम्ही म्हटलं, वाचायचं काम तुझं, आम्ही फक्त जुळवणार. मग काढला बाहेर, नाही असं नाही." हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दुपारची कामं बाजूला ठेवून त्या सांगायच्या आणि मी लिहायची, असं आमचं महिनाभर छान चाललं होतं.

मग एका सोमवारी ग्रंथपालबाईंनी स्वतःच एक फोटो टाकला. दैनिकाच्या जुन्या कपाटात निगेटिव्हचं पाकीट सापडलं होतं. त्यातला हा फोटो कुणी कधीच पाहिला नव्हता. लांबलचक टेबलावर लोखंडी चौकट, चौकटीत लाकडाचे मोठे खिळे, आणि त्यांवरून मथळा स्पष्ट वाचता येत होता: पूल वाचला. टेबलापलीकडे एक मुलगी वाकलेली. अंगात कामाचा एप्रन, डोक्याचा रुमाल कपाळावर ओढलेला, चेहरा दिसत नाही. एका हाताने तिने शेवटचं अक्षर दाबून धरलंय आणि दुसऱ्या हातातली लाकडी हातोडी पाचरीवर मारण्यासाठी उचललीय. मागे आणखी एक बाई पाठमोरी.

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला. "अगं, ही मी!"

ती गोष्ट आमच्या घरात भिंतींनाही पाठ आहे. नदीला मोठा पूर आला होता, गावाचा एकुलता एक पूल वाहून गेल्याची आवई उठली होती. सकाळी पाणी उतरलं आणि बघतात तो पूल जागच्या जागी. दुपारच्या आत खास अंक काढायचा होता आणि मुख्य जुळारी नदीच्या पलीकडे अडकलेला. सासूबाई तेव्हा बावीस वर्षांच्या. त्यांनी मथळा लावायला घेतला, तर मोठ्या अक्षरांच्या संचात 'ल' एकच. मथळ्यात तर दोन हवेत. मग त्यांनी जमिनीवर अंथरतात त्या लिनोलियमचा तुकडा घेतला, वस्तऱ्याने त्यातून उलटा 'ल' कापला आणि लाकडी ठोकळ्यावर चिकटवला. त्यात अंगठा चिरला. चिंधी बांधली आणि काम पुरं केलं. तो दुसरा 'ल' जरा पोटाने सुटलाय. छापखान्यात त्याला पुढे कित्येक वर्षं 'ढेरपोट्या' म्हणत.

त्या फोटोची मोठी प्रत काढून वाचनालयाच्या भिंतीवर लावायची आणि खाली नावं लिहायची, असं ठरलं. रविवारी उद्घाटन होतं. नावं शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पक्की व्हायला हवी होती.

आणि मंगळवारी डावरीच्या मुलाचा निरोप आला. डावरी म्हणजे सासूबाईंची छापखान्यातली जोडीदारीण. दोन वर्षांपूर्वी वारली. तिचा मुलगा आता स्वतःच निवृत्त झालाय, अगदी सज्जन माणूस. त्याने लिहिलं, 'मावशी, रागावू नका, पण ही माझी आई वाटते. हातोडी डाव्या हातात आहे बघा. अख्ख्या छापखान्यात डावखुरी तीच एक होती.'

"त्याला सांग, अंगठ्याची चिंधी बघ म्हणावं," सासूबाई कडाडल्या. मी लिहिलं.

त्याचं उत्तर आलं. 'चिंधी उजव्या अंगठ्यावर आहे. मावशी, तुमची खूण कुठल्या अंगठ्यावर आहे?'

आम्ही दोघींनी एकदमच खाली पाहिलं. खूण डाव्या अंगठ्यावर होती, चांगली तांदळाएवढी. पन्नास वर्षं तिथेच आहे, ती काय सरकणार आहे!

तेवढ्यात मशीनवाल्या काकांनी सकाळचाच प्रश्न ग्रुपवर पुन्हा टाकला, 'हे दार या बाजूला कुठून आलं? ते तर तिकडे होतं.' एरवी यावर सासूबाई म्हणाल्या असत्या की म्हाताऱ्याला स्वतःच्या घराचं दार सापडत नाही, छापखान्याचं काय सापडणार. सकाळी तसं म्हणाल्याही होत्या. आता नुसत्या अंगठा चोळत राहिल्या. ग्रुपवर कुणीतरी हसण्याची चित्रं टाकली, वय झालं की असंच होतं म्हणून कुणी समजूत घातली. मला त्या समजूत घालणाऱ्याचा असा राग आला की काय सांगू.

"लिहून टाक," सासूबाई म्हणाल्या. "तीच असेल."

"आई, असं कसं? तुम्ही इतकी वर्षं सांगताय..."

"तेच तर ना. इतकी वर्षं सांगतेय. मग त्या दिवशी मी कुठे होते गं?"

हे त्यांनी अगदी हळू विचारलं. त्या आधीच्या महिन्यात दोनदा नळ उघडा राहिला होता आणि माझा नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला होता, आईला एकदा डॉक्टरांना दाखवू या, तिचं डोकं आता दगा देतंय. आम्हाला वाटलं त्यांनी ऐकलं नाही. सगळं ऐकलं होतं. आयुष्यातला सगळ्यात अभिमानाचा दिवसच आपण मनाने रचला असेल, तर बाकीचं काय काय रचलं असेल, हा घोर त्यांना लागला होता.

दोन दिवस त्या माझ्याशी गोड बोलल्या. चहा छान झालाय म्हणाल्या. मी दाराला खेटून सामान ठेवलं तरी एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला अहो-जाहो करायचंच काय ते बाकी होतं. भांडणारी सासू परवडली, पण ही गोड सासू बघवेना. माझं कामात लक्ष लागेना.

शुक्रवारी साडेदहाला एका शाळेच्या मुख्याध्यापिका दुकानात आल्या. गुरुवारी नेलेला शिक्का त्यांनी टेबलावर आपटला. "अहो, हा उलटा उमटतोय!"

पंधरा वर्षांत माझ्याकडून अशी चूक झाली नव्हती. मी शिक्का उचलून पाहिला. 'मुख्याध्यापिका' असं ठसठशीत, सरळ दिसत होतं. "बरोबर तर आहे," मी म्हणाले.

आणि जीभ चावली. शिक्का सरळ दिसतोय म्हणजे तो चुकलाय. हे तर मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगते. मलाच कळलं नाही, कारण माझे डोळे कसंही वाचतात. दुसऱ्या कुणाला लगेच कळलं असतं. मी तशीच शिक्का हातात धरून उभी राहिले. पूल वाचला. फोटोतले ते लाकडी खिळेच होते ना? छापलेला कागद तर नव्हता?

"बसा हं, आलेच," असं मुख्याध्यापिकांना म्हणून मी आत पळाले.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. मी फोन त्यांच्यासमोर धरला. "आई, मथळा वाचा."

"आता कशाला?"

"वाचा म्हणते ना!"

"पूल वाचला. झालं समाधान?"

"कसा वाचलात? उलटा की सुलटा?"

मला झापायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांचं बोट हवेत उजवीकडून डावीकडे सरकलं, मग परत डावीकडून उजवीकडे आलं. "अगं," त्या म्हणाल्या, "हे सरळ आहे. खिळे सरळ कसे असतील?" मग एकदम आवाज चढला. "कुठल्या गाढवाने हा फोटो उलटा काढला? आणि तू गं, चार दिवस काय डोळे मिटून बघत होतीस? शिक्केवाली म्हणे!"

मला इतकं बरं वाटलं! मी फोन कपाटाच्या आरशासमोर धरला. आरशात मथळा उलटा झाला, म्हणजे जसा असायला हवा तसा झाला. आणि त्याबरोबर सगळंच आपापल्या जागी गेलं. हातोडी त्या मुलीच्या उजव्या हातात आली. चिंधी डाव्या अंगठ्यावर आली. मशीनवाल्या काकांचं दारसुद्धा त्यांनी सांगितलं होतं तिथे जाऊन बसलं. सासूबाईंनी आपला डावा अंगठा आरशाला लावला आणि रडायला लागल्या. मीही रडले, लपवण्यासारखं काय आहे त्यात? मुख्याध्यापिका काळजीने दारापर्यंत आल्या होत्या. आम्ही त्यांनाही सगळी गोष्ट सांगितली, ढेरपोट्यासकट. शिक्क्याचं नावही काढायचं त्या विसरल्या.

साडेअकराला ग्रंथपालबाईंना फोन लावला. त्यांनी निगेटिव्हवरून फोटो करून देणाऱ्या स्टुडिओवाल्याला फोनवर मध्ये घेतलं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे अक्षरं उलटीच आली होती. वाईट दिसायला नको म्हणून आम्ही मेहनतीने फोटो फिरवून सरळ करून दिला."

सासूबाईंनी फोन घेतला. "बाळा, तुझी मेहनत परत फिरव."

ते झालं आणि मग मला दुसरीच काळजी लागली. डावरीच्या मुलाला कसं सांगायचं? चार दिवस तो त्या मुलीला आई म्हणून बघत होता. आम्ही सुधारलेला फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली दोन ओळी लिहिल्या. दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला.

"मावशी, मागे पाठमोरी उभी आहे ना, तिच्या हातात काय आहे?"

"शाईचा रूळ."

"आता तो डाव्या हातात आला आहे."

सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "अरे, तीच की रे! तो रूळ ती दुसऱ्या कुणाला धरू द्यायची नाही. मी मथळा ठोकतेय आणि ती मागे शाई घेऊन तयार. तुझी आईच आहे ती!"

मग तो म्हणाला, "तरीच मला त्या पुढच्या मुलीकडे बघून काही होत नव्हतं. हिच्याकडे बघून होतंय." बाराला पाच कमी असताना दोन्ही नावं ग्रंथपालबाईंकडे गेली. मशीनवाल्या काकांनाही सासूबाईंनी आपल्या आवाजात निरोप पाठवला. "तुझं दार सापडलं. माफ कर." त्यांना माफी मागताना मी लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

रविवारी आम्ही सगळे गेलो. भिंतभर फोटो होता. बावीस वर्षांच्या सासूबाई माझ्यापेक्षा उंच, हातोडी उगारलेली, आणि पुढे हातभर मोठी उलटी अक्षरं. खाली दोघींची नावं. डावरीचा मुलगा आपल्या नातीला उचलून पाठमोरी पणजी दाखवत होता.

एक सूटवाले गृहस्थ ग्रंथपालबाईंना तावातावाने सांगायला लागले, "अहो, एवढा खर्च केलात आणि फोटो उलटा लावलात!"

"उलटा नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज खणखणीत, दारापर्यंत पोचणारा. "फोटो सरळ आहे. छापखाना उलटाच असतो. तुम्हाला वाचता येत नाही तो भाग वेगळा."

"मग तुम्हाला येतं वाटतं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आईच्या मागेच उभा होता. सासूबाईंनीही मान वळवून त्याच्याकडे एकदा पाहिलं. "हा मला डॉक्टरकडे नेणार आहे," त्या सूटवाल्यांना म्हणाल्या. "नेऊ दे. त्या डॉक्टरलाही हे वाचायला लावते." आणि डावा अंगठा वर करून, उजवीकडून डावीकडे, एकेका अक्षराखालून फिरवत त्यांनी मोठ्याने वाचलं.

"पूल वाचला." अंगठा ढेरपोट्या 'ल'पाशी थांबला. मग त्या वळल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "आणि मीही वाचले."