डाव्या गालातली काडी

बसा. शेवट ओळखा पाहू. ओळखलात तर तुमच्या दाराला नवंकोरं कुलूप फुकट बसवून देतो. हसताय कशाला? आजवर एकाच्याही दाराला बसवावं लागलं नाही.

चौकातल्या औषधवाल्याला भरदिवसा, त्याच्याच दुकानात, गळा दाबून मारलं कुणीतरी. मागच्या दाराचं कुलूप फोडलं नव्हतं, नवी घासलेली किल्ली तशीच लटकत होती. हा तोच औषधवाला, ज्यानं माझ्या बायकोला भलत्याच गोळ्या दिल्या, आणि ती गेल्यावर म्हणाला, "वय झालं होतं हो तिचं." तेव्हाही मी हसून सोडलं. माझा स्वभावच तसा, जन्मभर चेष्टामस्करी. थोरल्यानं मात्र सोडलं नसतं. थोरला म्हणजे माझा भाऊ, तापट, डावखुरा. नऊ वर्षांचा असताना विहिरीत बुडून गेला. त्याला बाहेर काढला तेव्हा मी काठावरच उभा होतो. पण बापानं घराच्या कागदावरनं त्याचं नाव काही शेवटपर्यंत खोडलं नाही.

तर मेलेल्याच्या नखात कातडी निघाली, पुरुषाची. झालं! पोलिसांनी आसपासचे सगळे पुरुष शाळेच्या हॉलमध्ये रांगेत उभे केले. तपासणीवाल्या बाई तोंडात कापसाची काडी घालून गाल घासायच्या. मी उजवा गाल दिला न् बाजूला झालो. तेवढ्यात कारकुनानं घराच्या कागदांवरनं केलेल्या यादीतलं पुढचं नाव पुकारलं. थोरल्याचं! आता असली संधी मी सोडतोय होय? टोपी चढवली, शेजाऱ्याचा चष्मा लावला, आवाज घोगरा केला, "हजर!" म्हटलं आणि डावा गाल पुढं केला. अख्खी रांग तोंड दाबून हसत होती. माझा मुलगा तेवढा हसला नाही. "बाबा, असं नका करू," म्हणाला.

दहा दिवसांनी त्या बाई आणि पोलीस साहेब माझ्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात हजर.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "बापाकडून मुलाला एक गोष्ट जशीच्या तशी मिळते. वाय गुणसूत्र म्हणतात. एकाच किल्लीवरनं काढलेल्या किल्ल्या समजा. नखातली किल्ली तुमच्या घरातली आहे."

"बाई, एका किल्लीवरनं मी शंभर काढतो. त्यावरनं चोर ठरतो होय?"

"नाही ठरत. म्हणून दुसरी तपासणी केली, ती माणसागणिक वेगळी येते. तुम्ही नाही, तुमचा मुलगाही नाही. तुमचे भाऊ."

मी इतका हसलो की ठसका लागला. "अहो, तो कधीच मेलाय! ती काडी माझीच! मीच दोनदा दिली!"

"कागदावर ते जिवंत आहेत, आणि दोन काड्या दोन वेगळ्या माणसांच्या आहेत," बाई म्हणाल्या. "बाप तेवढा एक."

आता मात्र डोकं फिरलं. तोंड माझं, गाल माझा, आणि ह्या मला सांगणार त्यात कोण राहतं! त्यांनी परत काडी घेतली, उजव्या गालातली. अर्थात माझीच निघाली. डाव्यातली घ्या म्हणून बोंबललो, तर साहेब म्हणाले, "पुरे आजोबा, चेष्टेला पण हद्द असते." जन्मभर थापा पचल्या आणि एकदा खरं बोललो तर कुणी ऐकेना!

मग चष्म्याच्या मालकाला हाताला धरून आणलं. म्हटलं, सांग साहेबांना. त्याची मान खाली. "मी चष्मा दिला नव्हता. तुम्ही गाल देऊन बाहेर गेलात. मग आला तो दुसराच कुणीतरी होता, तुमच्या तोंडवळ्याचा."

"अरे, तुम्ही सगळे हसत होतात की!"

"त्याला बघून कुणाला हसू येईल?"

साहेबांनी ती किल्ली माझ्या मुलासमोर ठेवली. पोरगं माझ्याच हाताखाली तयार झालेलं. त्यानं ती उलटून बघितली. कानशीचे घाव उलटे तिरके होते, डाव्या हातानं घासल्यासारखे.

"काका कुठाय?" साहेबांनी विचारलं.

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि तोंड मिटलं ते मिटलंच. कोर्टातही उघडलं नाही. दुकान त्याच्या नावावर, किल्ली आमच्या दुकानातली, म्हणून खुन्याला लपवल्याचा ठपका त्याच्यावर. जो साठ वर्षांपूर्वी मेला, त्याला माझ्या पोरानं लपवला! न्याय म्हणतात ह्याला!

तुरुंगात पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा मी नुसता पेटलो होतो. "गाढवा, सांगून टाक ना, काका नाहीच म्हणून!"

तो पलीकडनं जाळीजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "काका, बाबांना यातलं काही कळू देऊ नका. त्यांना सोसायचं नाही."

काका! सख्ख्या बापाला! असा संताप आला की जाळीवर हात आपटला. तो त्या हाताकडं बघतच राहिला. कुठला हात ते मला विचारू नका, माझं लक्ष नव्हतं.

सात वर्षं भोगायचीत माझ्या पोराला.