तळ्यावर तरंगणारे दगड

शहराबाहेरच्या चुनखडीच्या गुहेत माणसं रांगेनं उतरत होती. आत, जमिनीच्या पोटात, काळंशार तळं होतं आणि पाण्यावर चक्क दगड तरंगत होते, पांढरे, बशीएवढे. पूर्वी लोक तिकीट काढून ते बघायचे आणि घरी जायचे. आता काठावर तळ्याचे बाबा बसत.

“मूत्रपिंड बिघडतं म्हणजे काय?” बाबा विचारत आणि उत्तरही आपणच देत. “देहात दगड साचतो. डॉक्टर रक्त धुतात. रक्त म्हणजे काय सदरा आहे? मी दगडच बुडवतो. आजार त्याच्यासकट तळाला.”

मग ते पाण्याला नुसतं बोट टेकवत. दगड थरथरे, सरके आणि बुडे.

माझ्या दादाचाही असाच बुडाला. दादा शिंपी. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून डायलिसिसवर होता. दगड बुडाला आणि त्यानं दवाखान्याची पायरी चढणं सोडलं.

“दादा, पाय बघ किती सुजलेत.”

“आजार खाली उतरतोय. बाबा म्हणालेच होते,” तो म्हणाला. वहिनीनं नजर चुकवली. सुया आणि खेपा यांना तीही विटली होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. गुहेत जाऊन अगदी पुढे बसले आणि बाबांच्या तोंडाकडे न बघता पाण्याकडे बघत राहिले. बोट टेकताच पाण्यावरची धूळही चहूकडे पळाली. पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचं बोट लावलं की ती अशीच पळते; पोरांना मी हे दरवर्षी दाखवते.

दुसऱ्या दिवशी बोटाला साबण चोळून वाळवला आणि दादा-वहिनीला घेऊन गेले. बाबांच्या आधी मीच पाण्याला बोट लावलं. दगड बुडाला.

“हे दगड नाहीत,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “चुन्याचे पापुद्रे आहेत, कागदासारखे पातळ. पाण्यात विरघळलेला चुना वर सायीसारखा धरतो. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो, त्यावर तो तरंगतो. साबणानं ताण सुटतो आणि पापुद्रा बुडतो. माझ्या बोटाला साबण आहे. बाबांना हात धुऊन हेच करायला सांगा.”

बाबा हसले. “बघितलंत? तळ्यानं आता बाईंनाही हाताशी धरलं.”

शेजारच्या बाईनं माझं मनगट पकडलं. “माझ्या मुलीसाठी एक बुडवा ना.” तिच्यामागून आणखी हात आले. मी ‘साबण, साबण’ म्हणत राहिले. दादाचा चेहरा मात्र उजळला होता.

“तुझ्या हातूनही बुडाला,” तो म्हणाला. “आता तरी विश्वास ठेव.”

त्याच आठवड्यात त्याला धाप लागली. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सुजलेला पाय दाबून पाहिला. “इतके दिवस कुठे होतात?”

“गुहेत,” वहिनी म्हणाली.

मशीन जोडण्याआधीच दादा गेला.

खापर माझ्यावर फुटलं. बहिणीनं संशय घेतला म्हणून तळं कोपलं, असं भेटायला आलेले लोक म्हणाले. वहिनीलाही ते पटलं; ती माझ्याशी बोलत नाही. गुहेपुढची रांग वाढली आहे.

तरी सांगते. चमत्कार दिसला तर तो कसा होतो ते विचारा. विचारायचं धैर्य नसेल तर खुशाल हात जोडा, पण चालू असलेला उपचार थांबवू नका. ऐकणारे फार थोडे असतात, हेही मला माहीत आहे.