ओडेसाच्या गुडघ्यापर्यंतची पायरी

आमच्या चर्चची मंडळी दर वसंतात पूर्व टेक्सासच्या रानवाटांनी घोड्यांवरून निघतात. रविवारी मुक्कामावर पाळक प्रवचन गाऊ लागले की पहिली साथ माझ्या बहिणीची, ओडेसाची. देवाने तिला गळा दिलाय, गुडघे मात्र दिले नाहीत.

यंदा तिच्या नवऱ्याला, आमच्या दाजींना, दोन घोड्यांचा ट्रेलर ओढायला पिकअप घ्यायची होती. ‘अर्ध्या टनाची’ म्हणतात ती हलकी, बुटकी गाडी घ्यावी की वजनदार उंच, एवढंच ठरेना. विक्रेत्याच्या आवारात आम्ही तिघं उभे होतो.

“बुटकीच घ्या. मला चढायला सोपी, आणि ओढते की!” ओडेसा म्हणाली.

“ओढते गं. पण ट्रेलरच्या तोंडाचा भार गाडीच्या पाठीवर येतो. वर खोगिरं, चारा, आपण दोघं.” दाजींनी दारावरची भारमर्यादा वाचून कागदावर बेरीज मांडली. “आता तुझं वजन सांग.”

“चाळीस वर्षं तुम्हाला सांगितलं नाही, आता या लोखंडाला सांगू?”

तरी तिने हाताचा आडोसा धरून आकडा लिहिला. भार साठ पौंडांनी जास्त झाला.

“मग मी घरी राहते. तुम्हाला पुरेल ही गाडी.”

“आणि पाळकांना साथ कोण देणार? हा तुझा भाऊ? घोडे बुजतील!”

दाजी उंच गाडीपाशी गेले आणि खिशातून खडू काढून जमिनीवर बसले.

“इकडे ये. पाय सुखानं उचलेल तेवढाच उचल. तिथे पायरी बसवून घेतो.”

ओडेसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय उचलला.