'नोटीस'वरचे ड्रम

ती गेली हे मला तिच्याकडे गाडी शिकणाऱ्या एका मुलीने फोनवर सांगितलं. मी एका दातांच्या दवाखान्यात शिडीवर होतो, छताला रंगाचा दुसरा हात देत. खाली माझा छोटा स्पीकर वाजत होता. माझी बायको ड्रायव्हिंग शिकवायची. त्या सकाळी तिने मुलीला गाडी कडेला घ्यायला सांगितली, हँडब्रेक ओढायला लावला आणि खिडकीला डोकं टेकलं. मुलगी म्हणाली, "काका, मॅडम उठत नाहीयेत." मी म्हटलं, "इंजिन बंद कर." का म्हटलं, माहीत नाही. शिडीवरून उतरलो तेव्हा दवाखान्यातल्या बाई माझा स्पीकर बंद करत होत्या. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

लोक विचारतात, सावरलास का. सावरत होतो. कामावर जात होतो, स्वतःपुरतं शिजवत होतो, लेकीचे फोन घेत होतो. हे लिहितोय ते त्याबद्दल नाही. हे 'नोटीस' नावाच्या रेकॉर्डबद्दल आहे, आणि मला आलेल्या संतापाबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. 'तिसरा मजला' हा चौघांचा रॉक बँड होता. गाणारा तिचा थोरला भाऊ. मीही त्याला दादाच म्हणतो. गिटारवर एक, बासवर एक, ते दोघे पुढे आपापल्या वाटेने गेले. आणि ड्रमवर ती. मोज्यांच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर ते वाजवायचे. लिफ्ट बंद. मी त्यांच्या कार्यक्रमांना पुढे उभा राहणारा एक पोरगा होतो. एकदा तिचा बास ड्रम वर न्यायला हात लावला, तो लावतच राहिलो. लोक म्हणतात मी बायको पटवली. तिचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, "मी हमाल ठेवला होता, तो घरीच राहिला."

मालकाने जागा सोडायला सांगितली तेव्हा त्यांनी जाण्याआधी तिथेच घाईघाईने सगळी गाणी रेकॉर्ड केली. म्हणून नाव 'नोटीस'. एकच खोली, मध्ये पडदा नाही की काच नाही, सगळे माइक चालू आणि चौघे एकदम वाजवतायत. अशा वेळी एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. ड्रम तर सगळीकडेच शिरतात. तिसरं गाणं 'जिना'. त्याच्या दुसऱ्या कडव्यात ती पुढे पळते. चुकूनच. बाकी तिघे धापा टाकत तिच्या मागे येतात आणि गाणं सुरू झालं त्यापेक्षा बऱ्याच जास्त वेगाने संपतं. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, चूक तशीच राहिली. ज्यांना ही रेकॉर्ड आवडते त्यांना त्या चुकीसाठी आवडते. मला विचाराल तर तेवढ्या एका कडव्यासाठी मी कपाटातल्या बाकीच्या अर्ध्या रेकॉर्ड देऊन टाकीन.

लग्नानंतर तिने ड्रम विकले, पण ऐकणं सोडलं नाही. शुक्रवारी नव्या रेकॉर्ड येतात. शुक्रवारी संध्याकाळी मी हाताचा रंग घासून काढायचा, तिने पाय स्टुलावर टाकायचे आणि नवीन काय आलंय ते लावायचं. पहिल्यांदा ऐकताना कोणी बोलायचं नाही. मग भांडायचं. मी शब्द ऐकायचो, ती फक्त ड्रम ऐकायची. गाणारा काय म्हणतोय हे तिला तिसऱ्या खेपेला कळायचं. एका फार गाजलेल्या नव्या बँडबद्दल ती म्हणाली होती, "हा ड्रम वाजवत नाहीये, हा रांगेत उभा आहे." मी म्हटलं, "लोकांना आवडतंय की." ती म्हणाली, "लोकांना रांगाही आवडतात."

ती गेल्यावर लेक शुक्रवारी फोन करू लागली. "बाबा, ऐकलं का काही?" ती नावं पाठवायची, मी काम करताना ऐकायचो आणि मत सांगायचो. नवं म्हणजे वाईट असं मी कधीच म्हटलेलं नाही. तीन पोरींचा एक बँड यंदा आला, गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेला. त्यातली ड्रमवाली प्रत्येक ठोका भांडं आपटल्यासारखा मारते आणि कुणाची माफी मागत नाही. मला फार आवडलं. दुसरीकडे, आमच्या तरुणपणी ज्यांच्यासाठी आम्ही रांगा लावल्या तो एक मोठा बँड खूप वर्षांनी परत आला. साठीचे चौघे आपण अठराचे असल्याबद्दल गातायत आणि आवाज मशीनने गुळगुळीत केलेला. ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी मारून रंग दिला की महिनाभर भिंत छान दिसते. ती रेकॉर्ड तशी आहे. लेकीला म्हटलं, "महिन्याने फुगेल बघ." ती हसली. आमचं बरं चाललं होतं.

मग एका शुक्रवारी ती म्हणाली, "मामाने 'नोटीस' पुन्हा काढलीये. सगळं नव्याने स्वच्छ करून. कव्हरवर आईचा फोटो आहे. 'तिच्या आठवणीत' असं लिहिलंय."

दादाने मला काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, मला आश्चर्याचा धक्का द्यायचा असेल.

तेव्हा मी एका रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटाच होतो. ब्रश पाण्यात टाकला, डबा उलटा केला, त्यावर बसलो आणि लावलं. फोटोत ती ड्रममागे, केस तोंडावर आलेले. पहिलं गाणं सुरू झालं. स्वच्छ होतं. एवढं स्वच्छ की खोलीच नव्हती त्यात. कारखान्याची ती खोली घुमायची, पत्रा थरथरायचा, ते काहीच नाही. ड्रम नीटनेटके. दुसऱ्या गाण्यापर्यंत मी स्वतःची समजूत घातली की माझा स्पीकर फालतू आहे.

तिसरं गाणं लागलं. दुसरं कडवं आलं. मी डब्यावर पुढे सरकून बसलो. ती पळाली नाही.

ड्रम जिथल्या तिथे, घड्याळासारखे चालत राहिले. मी गाणं मागे घेऊन पुन्हा ऐकलं. ती नव्हतीच. दुसऱ्या कोणीतरी वाजवले होते, किंवा कोणीच नाही, मशीनने. आणि मग मला दादाचा आवाज ऐकू आला. इतका वेळ मी ड्रमच ऐकत होतो, तिच्यासारखा. तो आवाज चोवीस वर्षांच्या पोराचा नव्हता. वरच्या सुराला जाताना मागून ढकलावा लागणारा, आत्ताच्या दादाचा होता. तेव्हा सगळं लक्षात आलं. त्याच्या जुन्या आवाजात तिचे ड्रम शिरलेले होते. तिला काढायचं तर त्याला स्वतःचा आवाजही काढून टाकावा लागला. म्हणून त्याने सगळं पुन्हा गायलं. एवढा खटाटोप केला, पण तिला काढलं.

जुनी रेकॉर्ड शोधली. फोनवर ती जिथे असायची तिथे आता नवी होती. जुनी काढून टाकली होती. खाली कोणीतरी लिहिलं होतं, "ताईंचे ड्रम आता कुठे नीट ऐकू येतात." मी फोन भिंतीवर मारला नाही, कारण भिंत मीच नुकतीच रंगवली होती.

माझ्याकडे घरी जुनी प्रत आहे. पण माझ्याकडे असून काय? ती आयुष्यात एकदाच रेकॉर्ड झाली. कार्यक्रमांचं काही उरलेलं नाही, व्हिडिओ नाही. जगाला ती ऐकायची तर तेवढं एकच होतं, आणि ते तिच्या सख्ख्या भावाने, तिचाच फोटो वर लावून, पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे गेलो. तो टायरच्या दुकानाच्या वर राहतो. मागच्या खोलीत भिंतींना फोम लावून त्याने छोटा स्टुडिओ केलाय, जाहिरातींची गाणी करतो. खाली कोणीतरी चाकाचे नट काढत होतं, त्याचा गर्रर्र आवाज वर येत होता.

"या जावईबापू," तो म्हणाला. "चहा ठेवतो."

"चहा नको. ड्रम कोणी वाजवलेत?"

त्याने किटली तशीच हातात धरली. "बसा तर आधी."

"दादा, ड्रम कोणी वाजवलेत?"

"एक मुलगा आहे. चांगला वाजवतो. वेळेत."

"वेळेत." मी म्हटलं. "ट्रेन पकडायची होती का त्याला?"

"हे बघा, रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं होतं की जुनं आता कोणी ऐकत नाही. आवाज एकमेकांत मिसळलेले, वेग सुटलेला..."

"वेग सुटलेला म्हणूनच ऐकतात. आणि कंपनीचं नाव मधे आणू नका. कंपनीने तुम्हाला पुन्हा गायला लावलं? ह्या आवाजात?"

तो जरा हसला. "एवढा वाईट आहे?"

"तुमच्या बहिणीने ऐकला असता तर म्हणाली असती, कोणीतरी ह्या म्हाताऱ्याला जिन्यावर हात द्या."

हे ऐकून तो खरंच हसला, आणि मला आणखीच राग आला. मी म्हटलं, "फोटो कशाला लावलास मग? त्या मुलाचा लावायचा." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं. त्याच्याही ते लक्षात आलं. त्याने किटली ठेवली आणि मशीनपाशी जाऊन बसला.

"ऐक," तोही आता अरेतुरेवर आला. "जुनी टेप मी मशीनवर घेतली. ठरलं होतं फक्त स्वच्छ करायचं. माझा आवाज वेगळा काढला, एकटा. हे बघ."

त्याने बटण दाबलं. खोलीत त्याचा तरुण आवाज आला. आणि त्याच्या मागे, लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी ती. दुसरं कडवं आलं आणि ती पळाली. गाणं संपलं, काठ्या खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "दादा, तू परत शब्द खाल्लास." ते रेकॉर्डवर कधीच नव्हतं. मी ते कधी ऐकलं नव्हतं.

त्याने बंद केलं. खाली नट सुटण्याचा आवाज चालू होता.

"प्रत्येक गाण्यात आहे," तो म्हणाला. "माझा आवाज उघडला की मागे ती. श्वास घेताना. थांबून हसताना. मी महिनाभर प्रयत्न केला. इथे बसायचो आणि काम व्हायचं नाही. शेवटी म्हटलं, नवं करू. नव्यात ती नसेल."

"जड जात होतं म्हणून काढलीस?"

"हो."

"मग काम बंद करायचं होतंस. दुसऱ्या कोणाला द्यायचं होतंस. तुला ऐकवत नाही म्हणून बाकीच्यांनी का ऐकायचं नाही?"

"तू ऐकतोस?" त्याने विचारलं. "घरी जुनी आहे ना तुझ्याकडे. ती गेल्यापासून लावलीस एकदा तरी?"

"नाही लावली."

"मग?"

"मग काय मग? मला नाही ऐकवत तर मी कपाटात ठेवली. जाळली नाही. आणि राखेवर तिचा फोटो चिकटवून लोकांना नाही दिली."

मला त्याची दया आली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. त्याला दुःख झालंय हे मला दिसत होतं. मलाही झालंय. दुःख झालं म्हणून मी लोकांच्या घराच्या भिंती वाकड्या रंगवल्या नाहीत.

"काय करू म्हणतोस?" त्याने विचारलं.

"जुनी परत लाव. होती तशी. चुकीसकट. नवी ठेवायची तर ठेव, पण तिच्यावर त्या मुलाचं नाव घाल आणि हिचा फोटो काढ."

"नाव घातलं तर लोक विचारतील."

"विचारू देत. सांग मग काय केलंस ते."

त्याने मान हलवली. "कंपनीशी बोलतो."

"कधी?"

"बोलतो म्हटलं ना."

निघताना तो दारापर्यंत आला. "तिने ते 'शब्द खाल्लास' म्हटलंय ना," तो म्हणाला, "ते हवंय तुला? देतो काढून."

"मला एकट्याला काही नको," मी म्हटलं, आणि जिना उतरलो.

लेकीला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग मामाला फोन करून माझ्यापेक्षा वाईट बोलली. मी तिला अडवलं नाही. त्यानंतर दादाचा एकदा निरोप आला की कंपनीतली माणसं बदलली आहेत, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. सांगितलं का, ते त्यात नव्हतं. दरम्यान नव्या 'नोटीस'ला चांगलं म्हणणारे वाढले आहेत. एकाने लिहिलंय की ड्रम फार शिस्तीचे आहेत. तिला आयुष्यात कोणी शिस्तीची म्हटलं नव्हतं, गाडी शिकणाऱ्या पोरांनीसुद्धा नाही.

जुनी रेकॉर्ड अजून परत लागलेली नाही. नवीवर अजून तिचाच फोटो आहे आणि त्या मुलाचं नाव कुठेच नाही. दादाशी त्यानंतर मी बोललेलो नाही. बोलावं लागणार आहे.