कमरेचं माप

मास्तरांची कात्री कधी चुकत नाही, असा त्यांचा स्वतःचा दावा होता आणि गिऱ्हाइकांनाही तो मान्य होता. त्यामुळे लेकीचा कुर्ता महिन्याभरात दुसऱ्यांदा सैल करायला आला, तेव्हा ते चक्रावले.

"कटिंगच चुकलं माझं," ते पुटपुटले. "ती असती तर वेळीच टोकलं असतं."

ती म्हणजे मास्तरांची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत मास्तरांचं एकही बोलणं तिच्यावाचून पुरं झालं नव्हतं. कुणी सांगावं, पोरगा पास झाला. मास्तर म्हणत, ती असती तर किती खूश झाली असती. बातमी आणणारा बिचारा डोळे पुसतच बाहेर पडे. हळूहळू लोक दुकानात नुसतं कापड देऊन जाऊ लागले आणि गप्पा मारायला शेजारच्या चहावाल्याकडे बसू लागले. मास्तरांच्या दुःखात खोट नव्हती हो, पण ते येईल त्याच्या गळ्यात पडत होतं. लेकसुद्धा रविवारी यायची ती दहा मिनिटांपुरती. मास्तरांना वाटे, संसार आहे, कामं असतील.

या वेळी कुर्ता उलटून पाहिला, तर शिवणीत सोडलेली सगळी माया संपलेली. नवाच शिवायला हवा होता. मास्तरांनी लेकीला उभं केलं आणि माप घेतलं. खांदे तेच. बाही तीच. कंबर मात्र तब्बल चार इंच जास्त. त्यांनी टेप उलटीसुलटी करून पाहिली.

"ही टेपही बिघडली वाटतं."

"टेपला कशाला बोल लावता, मास्तर," चहा ठेवता ठेवता चहावाला म्हणाला. "पाचवा महिना म्हटल्यावर माप वाढणारच की."

आणि त्यानं जीभ चावली. चहावाल्याला ठाऊक, आणि आजोबा होणाऱ्याला पत्ता नाही. मास्तरांचा पारा चढला.

"बापाला सांगायची लाज वाटली?"

"लाज नाही, भीती वाटली," लेक म्हणाली. "तुम्ही म्हणाला असता, ती असती तर. मग आपण दोघं रडत बसलो असतो. बाबा, आई माझीही गेलीय. ही एक गोष्ट मला हसत सांगायची होती."

मास्तरांनी तोंड उघडलं. जिभेवर तेच वाक्य तयार होतं. ते त्यांनी गिळलं, पण गिळताना फार लागलं.

"उलट्या फार झाल्या का गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"विचारूच नका," म्हणत लेकीनं स्टूल ओढलं आणि पहिल्या महिन्यापासून सुरुवात केली. चहावाला कप न्यायला दोनदा येऊन गेला, तरी ती तिसऱ्या महिन्यापर्यंतच पोचली होती.