खांबामागचा बाक

"मयतावर मेलेल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे कुठलं शास्त्र?" म्हाताऱ्या पाळकांनी जावयाला विचारलं. पलीकडच्या खोलीत त्यांची बायको शवपेटीत निजली होती. तासाभरात तिला चर्चमध्ये न्यायचं होतं.

"बाबा, मी फक्त वचन वाचणार. आईंची वकिली करायला देवासमोर कोर्ट भरलंय का?"

जावईही पाळकच, सासऱ्यांच्याच जागी आलेला. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालाय, असं सासऱ्यांचं स्वच्छ मत. मोठ्या लढाईनंतर या नव्या मताच्या पोरांचं नुसतं पेव फुटलं होतं. म्हातारे जन्मभर सांगत आले की देव माणसाच्या चांगुलपणात वसतो आणि जग दिवसेंदिवस सुधारतंय. ही पोरं म्हणत, देव वर, माणूस खाली, मधे शिडी नाही. त्यानं बोलावं, आपण गप्प ऐकावं. मग पाळकानं काय नुसता घसा खाकरायचा?

"तुमच्या देवाला माणसं आवडत नाहीत वाटतं, जावईबापू?"

"आवडतात. पण आपल्या शिफारशीवर नाही."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! राहू दे. मीच बोलतो."

म्हाताऱ्यांचं मयतावरचं बोलणं ऐकायला परगावची माणसं येत. मेलेला दारुडा असो की लबाड, त्यांच्या तोंडून तो संत होऊनच मातीत जाई. बायकोवरचं बोलणं तर त्यांनी ती आजारी असतानाच मनात जुळवून ठेवलं होतं.

लेक दारात येऊन उभी राहिली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाबा, तुम्ही नाही बोलायचं. आईनंच सांगितलंय."

"कधी?"

"दवाखान्यात. म्हणाली, त्यांना माझ्यावर बोलू देऊ नकोस. दादाच्या वेळी बोलले तेवढं पुरे."

लढाई म्हणजे देवाचंच काम, असं म्हाताऱ्यांनी व्यासपीठावरून गर्जून सांगितलं होतं, आणि सगळ्यांत आधी त्यांचाच मुलगा भरती झाला आणि लढाईत मारला गेला. त्याच्या मयतावर ते असं बोलले की लोकांनी रडत रडत त्यांचे हात हातात घेतले. पुढच्या रविवारपासून बायको पहिला बाक सोडून शेवटच्या बाकावर बसू लागली. तिला खोकला आहे, उपासनेत व्यत्यय नको, असं म्हातारे सगळ्यांना सांगत. सांगता सांगता त्यांना स्वतःलाही ते पटलं.

"तिला खोकला होता," ते पुटपुटले.

"कसला खोकला, बाबा? घरात कधी ऐकलात?"



चर्चमध्ये जावयानं सपाट आवाजात वचन वाचायला घेतलं. वाण्याची यादी वाचतोय मेला, असं सवयीनं म्हाताऱ्यांच्या मनात आलं. पहिल्या बाकावर त्यांची जागा लोकांनी मोकळी ठेवली होती. ते तिकडे गेले नाहीत. दाराजवळ तिच्या बाकावर जाऊन बसले. समोर जाडजूड खांब होता. ते डावीकडे सरकले, मग उजवीकडे सरकले. तिथून व्यासपीठ दिसतच नव्हतं.