दाराआडचा चहा

लग्न होऊन ताडकळसला आले तेव्हापासून मी चहा उभ्यानंच प्यायले, तोही निवलेला. घर माणसांनी भरलेलं, पुढं किराणा दुकान, आणि बाजाराच्या दिवशी तर खेड्यापाड्यांतून येणारं अर्धं गिऱ्हाईक सोयऱ्यांतलं निघायचं, म्हणजे जेवायलाच. कल्याणराव, म्हणजे आमचे हे, गल्ल्यावर बसूनच ओरडायचे, "चहा पाठव गं!" मी जणू चुलीतूनच उगवले होते.

पुढं पाय सुजायला लागले. संध्याकाळी जोडवी बोटांत रुतायची. परभणीच्या डॉक्टरणीनं अंगठ्यानं पाय दाबला, तर पडलेला खड्डा भरेना. ती म्हणाली, "रोज थोडा वेळ पाय उंचावर ठेवून बसा. तेल लावा. चहा निवांत बसून प्या. स्वतःसाठी एवढं तरी करा." मला हसूच आलं. बाईला सासू नसावी.

पण परत येताना एसटीत विचार करता करता मला घरातच तशी जागा सापडली. आम्ही लिंगायत. सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, त्याला विभूती लावली, बेलपान वाहिलं, की ते परत गळ्यात जाईपर्यंत आमच्या घरात पूजेचं माणूस बोलत नाही आणि त्याला कुणी हाक मारत नाही. देवघराचं दार लोटलेलं असलं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई भागम्मा, मांजरालाही तिथून हुसकावायच्या. एवढ्या घरात माझ्या हक्काची तेवढीच जागा होती.

पूजा मी मन लावून करायची, त्यात लबाडी नाही. पण पूजा आटोपून लिंग गळ्यात घातलं की लगेच दार उघडायची नाही. परडीत फुलांखाली लपवून आणलेला चहाचा झाकणाचा पितळी पेला काढायचा. देवाकडं होणार नाहीत असे पाय ट्रंकेवर टेकवायचे, करडीचं तेल चोळायचं आणि गरम चहा घोटाघोटानं प्यायचा. बास, एवढंच. थोड्या दिवसांत जोडवी सैल झाली आणि माझी चिडचिडही कमी झाली.

उतरलेली सूज ह्यांनी पाहिली. "औषध लागू पडलं की तुला," म्हणाले. मी भोळी. नवऱ्यापासून काय लपवायचं, म्हणून सगळं सांगून टाकलं. हे पोट धरून हसले. "लय हुशार हाईस. मी कुणाला सांगायचो न्हाई. तुजी आण!" त्या आणेनं मला तेलापेक्षाही जास्त बरं वाटलं होतं.

इकडं आत्याबाई गावभर माझं कौतुक सांगायच्या. "आमच्या शिवम्माची पूजा म्हंजे पूजा! घर पेटलं तरी उठायची न्हाई." मी आत असेपर्यंत भाकरी त्या थापायच्या आणि उठताना गुडघे धरून "शिवा, शिवा" करायच्या. मला वाईट वाटायचं. वाईट वाटून घेत मी चहा संपवायची.

विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता तेव्हाची गोष्ट. एसटी बंद, म्हणून भगवानराव नावाचे व्यापारी आणि त्यांचे दोन सोबती आमच्याकडं मुक्कामाला अडकले. सकाळी एक चहा झाला, त्यांना दुसरा हवा होता.

"जरा दम धरा," आत्याबाई म्हणाल्या. "शिवम्मा पूजेला बसलीय."

"लय वेळ लागतो की वहिनींला," भगवानराव म्हणाले.

आणि हे मोठ्यानं बोलले, "कशाची पूजा! ती कवाच झाली. महाराणी आत पाय पसरून चहा प्यायलीय. बघा, खोटं वाटत आसंल तर!" म्हणत त्यांनी दार ढकललं.

माझ्या एका हातात पेला, दुसरा हात तेलानं माखलेला, लुगडं पोटरीपर्यंत वर. पाहुणे हसले. सगळ्यात मोठ्यानं हे हसले. मी त्यांच्याकडं बघत राहिले. हाच माणूस माझी आण घेऊन बसला होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. पिठाचे हात तसेच ठेवून दारात उभ्या होत्या. "मी तुज्या पूजेपायी गुडघे मोडून घ्यायलीय, आन तू..." त्यांची नजर माझ्या पायांवर होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पाहुणे गेल्यावर मी ह्यांना म्हणाले, "तुमी आण घेतली होती."

"अगं, गंमत केली जरा! एवढं मनाला लावून घेतीस?"

ह्यांची गंमत झाली, माझी जागा गेली. दुसऱ्या दिवसापासून देवघराचं दार सताड उघडं. पूजा झाली की थेट चुलीपुढं. आत्याबाई माझ्याशी बोलेनात. हळूहळू जोडवी पुन्हा रुतायला लागली, आणि रुतताना दर वेळी मला ह्यांचं हसू आठवायचं. सूज सोसली असती, ते हसू सोसवत नव्हतं.

मग एका सकाळी भाकरी थापता थापता माझ्या लक्षात आलं, की आत्याबाई पूजेला बसून बराच वेळ झाला आणि देवघराचं दार आज लोटलेलं आहे. फडताळात पितळी पेला नव्हता. दाराच्या फटीतून करडीच्या तेलाचा वास येत होता. त्या दिवशी त्या माझे पाय का बघत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात हे दुकानातून आत आले. "आई अजून भाईर आली न्हाई? काय करायलीय आत?"

"पूजा," मी म्हणाले.

त्यांनी हवेत वास घेतला, माझ्याजवळ वाकले आणि डोळा मिचकावून हळूच म्हणाले, "मला सांग की. मी कुणाला सांगायचो न्हाई."

मी तवा खाली उतरवला, हात धुतले आणि देवघराच्या दारापुढं पाट टाकून बसले.

"पूजाच," मी म्हणाले.